ओढ्यावरून परत

मुलांच्या स्काउट पथकात मुलींची संख्या वाढली आणि पंचाईत झाली. मुलींना मुक्कामी न्यायचं तर सोबत एक बाई हवी असा नियम होता, आणि बाई काही मिळत नव्हती. शेवटी पालकांची सभा बोलावली. पथकाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि विचारलं, "मग कोण येतंय?" त्याबरोबर झाडून सगळ्या आया आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. एकीची कंबर धरली होती, एकीच्या सासूबाईंचं पथ्यपाणी होतं, एकीने तर न वाजलेला फोन कानाला लावला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मागच्या बाकावर एक चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई बसली होती. तिची लेक नुकतीच पथकात आली होती आणि खिडकीबाहेरून, गजांना नाक लावून, आईकडे टक लावून बघत होती. त्या बाईने हात वर केला.

त्या दिवसापासून ती ताई झाली. आधी मुलं ताई म्हणायला लागली, मग पालक, मग अध्यक्षसुद्धा, आणि ते तर तिच्या वडिलांच्या वयाचे होते. लेकीला तिने बजावलं होतं, घरी आई आणि पथकात ताई. लेकीला पहिल्यांदा याचं भारी हसू यायचं.

ताईला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. गणवेश मिळाला तो खांद्यात दोन बोटं मोठा. तो तिने घरी बसून आत घेतला. पलंगाच्या पायाला दोर बांधून ती गाठी शिकली. नवरा छापखान्यात मशीनवर होता, रात्रपाळी करून आला की पलंगाला पडलेल्या गाठी सोडवायचा आणि म्हणायचा, "आता मला बांध म्हणजे झालं." हळूहळू तिला सगळं जमायला लागलं. ओल्या लाकडाची चूल पेटवायला, तंबूच्या खुंट्या तिरप्या ठोकायला, पन्नास जणांचा भात खाली न लागू देता शिजवायला. कुणाच्या दप्तरात दम्याचा पंप असतो, कोण झोपेत चालतं, कुणाला आईची आठवण जेवताना येते आणि कुणाला दिवे गेल्यावर, हे तिला पाठ होतं. शिबिराहून आल्यावर ओले तंबू तिच्याच गॅलरीत वाळत पडायचे आणि आठवडाभर घराला कुबट वास यायचा. आठवड्यात एक रविवार तेवढा सुट्टीचा, तोही पथकाला जायचा. पण तिला ते आवडत होतं. दुकानात ती दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायची, आणि "आता दिसतंय का नीट?" एवढाच काय तो तिचा जगाशी संवाद होता. पथकात तिला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही.

दोन वर्षांनी कप्तान आला. त्याची गाड्या शिकवायची शाळा होती. उंच, खणखणीत आवाजाचा, शिट्टी न वाजवता मैदान गोळा करणारा. कप्तान हे नाव मुलांनीच ठेवलं आणि ते त्याला असं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा फोनवर "कप्तान आहेत का?" असं विचारायची. तो गोष्टी अशा सांगायचा की मुलं जेवायची विसरायची. शिबिराला निघताना मात्र काडेपेटी विसरायचा, दोर विसरायचा, एकदा तर गॅसची शेगडी घेतली आणि टाकी घरीच राहिली. त्याचं विसरलेलं सगळं ताईच्या पोत्यात असायचं. तिला त्याचा राग नव्हता. दोघांचं छान जमायचं. तो मुलांना पुढे न्यायचा, ती मागून कुणी राहिलंय का ते बघायची.

लेक चौदा वर्षांची झाली त्या वर्षी ती टोळीनायक झाली. टोळीनायक म्हणजे सात-आठ मुलांची म्होरकी. शर्टाच्या खिशावर दोन पांढऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या तिने स्वतः शिवल्या, आईला हात लावू दिला नाही.

दरवर्षी पथक एक मोठी चाल करायचं. टेकडी चढायची, पलीकडच्या दरीत उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि समोरच्या जुन्या बुरुजावर झेंडा लावून परत यायचं. जो बुरुजाला पोचेल त्याला बिल्ला. मुलं वर्षभर त्या बिल्ल्याची वाट बघायची. त्या दिवशी नेहमीसारख्या दोन तुकड्या केल्या. कप्तानची तुकडी पुढे गेली, ताईची थोड्या वेळाने निघाली. लेकीची टोळी ताईच्या तुकडीत होती.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. टेकडी चढेपर्यंत मात्र वरच्या डोंगरांवर काळं साचलं, आणि ताईची तुकडी दरीत उतरत असताना तिकडे वर पाऊस पडतोय हे दिसत होतं. इकडे थेंब नव्हता. ओढ्यावर पोचले तेव्हा कप्तानची मुलं पलीकडच्या काठावर होती. ती नाचत होती, हाका मारत होती. कप्तानने दोन काठांवरच्या दोन झाडांना दोर बांधून ठेवला होता. त्याच्या शेजारी चालीतली सगळ्यात लहान मुलगी उभी होती, तिला सगळे बारकी म्हणायचे. तिच्या अंगात कप्तानचं जाकीट होतं, गुडघ्यांच्या खाली आलेलं. ताईला वाटलं, पोरीला थंडी वाजली असेल.

"या, या. दोर पक्का आहे," कप्तान पलीकडून ओरडला.

ताईने पाण्याकडे बघितलं. दरवर्षी त्या ओढ्यात गोटे मोजता यायचे. आज पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यातून काटक्या, पालापाचोळा, एक अख्खी फांदी भराभरा चालली होती. ज्या दगडांवरून उड्या मारत जायचं त्यातला एकच वर होता. ती बघत असतानाच तोही गेला.

"इथूनच परत फिरायचं," ती म्हणाली.

मुलांना आधी वाटलं ती गंमत करतेय. मग एकदम गलका झाला. "पण ते गेले की," "दोर आहे ना, ताई," "समोरच तर आहे बुरूज." बुरूज खरंच समोर होता. पलीकडची मुलं थांबून बघत होती.

"पाणी वाढतंय," ताई म्हणाली. "आत्ता गेलो तरी येताना अडकू. मागे वळा."

लेकीने सॅकचा पट्टा आवळला, दोर धरला आणि पाण्यात पाय टाकला. तिला आपल्या टोळीला दाखवायचं होतं की जाता येतं. दोन पावलांत पाणी मांड्यांना लागलं. ताई पुढे झाली, तिने लेकीचा दंड धरला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून मागे ओढला. लेक पाठीवर पडली, चिखलात, सगळ्या टोळीसमोर आणि पलीकडच्या काठासमोर. पलीकडून कुणीतरी हसलं. तरी ताईने दंड सोडला नाही. तसाच धरून तिला उभं केलं आणि चढणीकडे वळवलं.

"सोड," लेक म्हणाली. "सोड ना, आई."

पथकात तिने पहिल्यांदाच तिला आई म्हटलं होतं. ताईने सोडलं ते पार वर गेल्यावर.

कप्तान आणि त्याची मुलं संध्याकाळी परत आली. येताना ती ओढ्यावरून आलीच नाहीत, बुरुजामागच्या रस्त्याने जाऊन एका दूधवाल्याच्या टेम्पोतून आली. टेम्पोत उभं राहून गाणी म्हणत, झेंडा हलवत. पथकाच्या खोलीपाशी ताईची तुकडी केव्हाची येऊन बसली होती, मुलं पायरीवर आणि पालक फाटकाशी. टेम्पो आला तशी त्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात बिल्ले दिले. कप्तानच्या मुलांची नावं एकेक करून पुकारली आणि ती एकेक करून स्टेजवर गेली. ताईची मुलं खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होती. अध्यक्षांनी कप्तानला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने ओढ्याची गोष्ट सांगितली. पाणी कसं चढलं, दोर कसा बांधला, मुलांनी एकमेकांना कसा धीर दिला. गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हॉल अगदी गप्प होऊन ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "ताईंची मुलं पुढच्या वर्षी नक्की जातील." हे त्याने चांगल्या मनाने म्हटलं असेल.

बाहेर चहाच्या टेबलाशी एका मुलाचे वडील ताईला म्हणाले, "तुमची काळजी कळते हो. पण पोरांचं वर्ष गेलं ना." त्यांच्या बायकोने कप खाली ठेवला.

मग मुलांनी एक खेळ काढला. कुणीतरी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतायचं, आणि बाकीच्यांनी "परत फिरा, परत फिरा" म्हणत मागे पळायचं. ताई खोलीत आली की खेळ थांबायचा, आणि फरशीवरचं पाणी तेवढं राहायचं. लेक त्या खेळात नसायची. ती कोपऱ्यात उभी राहून बुटाच्या नाड्या बांधायची, आधीच बांधलेल्या. दोन आठवड्यांनी तिने अध्यक्षांना सांगून आपली टोळी कप्तानच्या तुकडीत हलवून घेतली. ताईला ते फळ्यावर वाचून कळलं.

"अगं, मला सांगायचंस तरी," ती घरी म्हणाली.

"तू मला विचारलं होतंस का?" लेक म्हणाली आणि ताट उचलून टीव्हीसमोर गेली.

नवऱ्याला ताई एकदा म्हणाली, "मी चुकले का?" तो नखांतली शाई काढत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "चुकलीस असं नाही. पण काही झालं नाही ना शेवटी. काही झालं असतं तर लोकांना कळलं असतं." ते खरं होतं. ज्या गोष्टीपासून तिने मुलांना वाचवलं होतं ती घडलीच नव्हती, आणि न घडलेली गोष्ट दाखवायची कुणाला आणि कशी?

एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, कप्तान आला. चष्म्याची दांडी सैल झाली होती. ताईने बारीक पेचकस घेतला आणि स्क्रू आवळायला लागली. दोन फेऱ्यांचं काम. चष्मा परत दिला तरी तो हलेना.

"बारकी येत नाही हल्ली," तो म्हणाला.

"हो. क्लास लावलाय म्हणे गणिताचा."

"क्लासबिस काही नाही." त्याने चष्मा घातला, परत काढला. "ताई, ती गेली होती त्या दिवशी. ओढ्यात. दोरावरून हात सुटला तिचा. मी मागे वळून बघतो तर ती नाही. म्हणजे दिसतच नाही. पाणीच. मग सॅकचा पट्टा दिसला, तो धरला. तुम्ही यायच्या थोडंसंच आधी."

ताईच्या हातात पेचकस तसाच राहिला. तिला ते जाकीट आठवलं.

"आणि तरी तुम्ही मला हाक मारत होतात," ती म्हणाली. "या, या म्हणून."

"माझं डोकं चालत नव्हतं." तो काउंटरच्या काचेकडे बघत होता. "मला वाटलं सगळे एका बाजूला असले की बरं. तुम्ही असलात की बरं. खोटं नाही बोलत. तुम्ही परत फिरलात तेव्हा ठरवलं, मुलांना परत ओढ्यात घालायचं नाही."

"घरी सांगितलंत तिच्या?"

"मुलांना सांगितलं, हे आपल्या पथकातच राहू दे, घरचे उगाच घाबरतील. मुलं बिचारी एका शब्दाने बोलली नाहीत. बारकीपण नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला झोप नाही लागत, ताई. कुणाला तरी सांगायचं होतं."

ताईला त्याची कणव आली नाही. यायला हवी होती असं तिला नंतर वाटलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं, की हा माणूस आपलं ओझं तिच्या काउंटरवर ठेवून हलका होऊन घरी जाणार आहे.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "अध्यक्षांना सांगा. माझ्या लेकीला सांगा. स्टेजवर गोष्ट सांगितलीत ना, तशी ही पण सांगा."

"पथक बंद करतील."

"सांगा तुम्ही. मी तुमच्या बाजूने बोलेन."

तो "बघतो" म्हणाला. जाताना स्क्रूचे पैसे काय झाले विचारलं, ती नको म्हणाली.

त्याने बघितलं नाही. सभा झाली, दुसरी झाली. तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी जाहीर केलं, की चालीला इतका प्रतिसाद आहे तर यंदा पंधरा दिवस लवकर काढू, आणि लहान गटातल्या मुलांनाही नेऊ. लहान गट म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोरं. ताईने कप्तानकडे बघितलं. तो कागदावर काहीतरी रेघोट्या ओढत होता. तिने वाट बघितली. अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले, तंबूंना ठिगळं लावायच्या. तेव्हा ती उभी राहिली.

तिने जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. कप्तानने स्वतः येऊन सांगितलं हेही सांगितलं, आणि त्याला याचा त्रास होतोय हेसुद्धा. सगळे कप्तानकडे बघायला लागले.

कप्तानने पेन खाली ठेवलं. त्याच्या मानेवर लाली चढत गेली. ताईला वाटलं, आता सांगेल.

"पाणी होतं हे खरंय," तो म्हणाला. "बारकीचा पाय घसरला होता, ते मी म्हणालो होतो ताईंना. पण असं, बुडाली वगैरे, असं काही नाही. त्या दिवसाचं ताईंच्या मनाला फार लागलंय. मी समजू शकतो."

मुलं बाहेर मैदानात होती. अध्यक्षांनी मोठ्या मुलांना आत बोलावलं. दातांच्या डॉक्टरची एक सवय असते, दुखतंय का असं विचारतानाच नाही दुखत असं सुचवायचं. त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "काय रे, ओढ्यावर काही झालं होतं का? कुणी पाण्यात पडलं होतं?" मुलांनी एकमेकांकडे बघितलंच नाही. सगळी समोर बघत होती, सलामीला उभं राहिल्यासारखी. नाही सर. नाही सर. रांगेत शेवटी लेक होती. अध्यक्ष तिला म्हणाले, "तू तर अलीकडे होतीस. पण नंतर काही कानावर आलं का?"

"नाही सर," लेक म्हणाली.

अध्यक्षांनी बारकीच्या वडिलांनाही तिथूनच फोन लावला. वडिलांनी तिला विचारलं, आणि फोनमधून ऐकू आलं, "ती नाही म्हणतेय. का हो, काय झालं?" काही नाही, काही नाही, असं म्हणून अध्यक्षांनी फोन ठेवला. मग ते ताईकडे वळले. फार मायेने बोलले. तुम्ही इतकी वर्षं एवढं केलंत, थोडी विश्रांती घ्या, एखादं वर्ष मुलांच्या मागे नाही लागलात तरी चालेल. कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

घरी जाताना मायलेकी एकाच रस्त्याने चालल्या, पण लेक दोन पावलं पुढे होती. बेकरीच्या बंद दारापाशी ताई थांबली.

"तुला माहीत होतं ना?"

लेक थांबली, पण वळली नाही. "सगळ्यांना माहीत होतं. टेम्पोतून उतरल्या उतरल्याच सांगितलं त्या मुलांनी."

"त्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे मी परत का फिरवलं ते तुला कळलं होतं. त्याच दिवशी."

"कळलं होतं." आता ती वळली. रडत नव्हती. "आम्ही शब्द दिला होता, आई. पथकात शब्द दिला की मोडायचा नाही, हे तूच शिकवलंस. तुझ्यासाठी मोडला असता तर मला कुणी परत विचारलं असतं का? आधीच सगळे म्हणतात, आईचा दंड धरून फिरते."

"मी बरोबर होते," ताई म्हणाली.

"असशील," लेक म्हणाली. "पण तू मला चिखलात पाडलंस. नुसतं सांगितलं असतंस, की पाणी बघ, वाढतंय, तू टोळीनायक आहेस, तू मुलांना मागे वळव. मी वळवलं असतं."

ताईला वाटलं, वळवलं नसतं. तेव्हा ती पाण्यात होती, मांडीपर्यंत, आणि असलं बोलायला वेळ नव्हता. पण तिला खात्री देता येईना. घरी गेल्यावर ताईने गणवेश धुतला, इस्त्री केला आणि नवऱ्याच्या हाती पथकाच्या खोलीवर पाठवून दिला.

चालीच्या परवानगीच्या कागदावर सही करायला तिने नकार दिला. तो ओढा, तो माणूस आणि तो मोसम, तिन्ही तेच होते. लेक वडिलांकडे गेली. त्याने बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि सही केली. "मी तिला घरी डांबून ठेवू का?" तो म्हणाला. "मग दोघींपैकी एकही माझ्याशी बोलणार नाही."

चालीच्या दिवशी ताई दुकानात होती. वरच्या डोंगरांवर ढग होते, दुकानाच्या दारातून दिसत होते. तिने एका आजोबांना चुकीच्या नंबरची काच लावली आणि परत काढली. फोन काउंटरवर उताणा ठेवला होता. दर थोड्या वेळाने ती बघायची. दुपार कलली तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ती फोनची नुसती वाट बघत नव्हती. तो यावा असं तिच्या आत कुठेतरी वाटत होतं. लेकीचं नव्हे, देवाशपथ लेकीचं नव्हे, पण कुणाचं तरी काहीतरी. फार नाही, लोकांना कळेल इतपत. ज्या मुलांचे पंप तिने उशाशी ठेवले होते, ज्यांना थोपटून झोपवलं होतं, त्यांच्याबद्दल. ती मागच्या खोलीत गेली, लेन्स घासायच्या मशीनपाशी, आणि मशीन चालू करून उगाच उभी राहिली.

फोन आला नाही. संध्याकाळी लेक आली, उन्हाने रापलेली, भुकेली, बडबड करत. बडबड वडिलांशी चालली होती. ताई पोळ्या लाटत ऐकत होती.

"बुरूज राहिला यंदा," लेक सांगत होती. "ओढ्याला पाणी होतं. कप्तानांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, परत."

"मग? मुलं काही बोलली नाहीत?" वडिलांनी विचारलं.

"काय बोलणार? कप्तान म्हणाले म्हणजे असेलच काहीतरी. मग आम्ही टेकडीवरच खेळलो. बिल्ले देणार आहेत सगळ्यांना. अध्यक्ष म्हणाले, परत फिरायलापण हिंमत लागते."

नवऱ्याने मान वर केली आणि ओट्याकडे बघितलं. ताईची पाठ त्याच्याकडे होती. लेकीच्याही बहुतेक लक्षात आलं, कारण ती मध्येच थांबली आणि तिने ताटातली पोळी उगाच चार भागांत मोडली.

"बरं केलं त्यांनी," ताई म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली. तिला खरंच बरं वाटलं होतं. सगळी पोरं सुखरूप होती. आणि ज्या माणसाने तिला खोटं पाडलं तो तिच्याकडूनच शिकला होता, आणि ते कधी कुणाला कळणार नव्हतं, हेही तिला त्याच वेळी दिसत होतं. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नव्हत्या.

पुढे पावसाळी शिबिराच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. पथकात बाई नाही, मुलींची अडचण होतेय, झालं गेलं विसरून जाऊ. कप्तानसुद्धा विचारत होते, असं ते म्हणाले. "अजून राग आहे का, ताई?"

"राग नाही," ती म्हणाली. चालीच्या दिवशी काउंटरमागे फोनकडे बघताना तिला आपल्याबद्दल जे कळलं होतं ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, अध्यक्षांना सांगायचा प्रश्नच नव्हता. "मला आता वेळ नाही होत."

रविवारी सकाळी दुकान उघडं ठेवावं असं मालकांच्या बरेच दिवस मनात होतं, माणूस मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती त्यांना म्हणाली, मी येईन.